गृहकर्जाची छाननी

गृहकर्जाचा अर्ज दाखल झाल्यापासून रक्कम वितरित होईपर्यंत बँक किंवा गृहवित्त कंपनी जी तपासणी करते, तिला गृहकर्जाची छाननी किंवा अंडररायटिंग म्हणतात. शाखेत मात्र ‘फाइल क्रेडिटला गेली’ (अर्जदाराच्या पतीची तपासणी), ‘लीगल-टेक्निकल बाकी आहे’ (घराची वकील आणि अभियंत्याकडून तपासणी) अशीच भाषा कानावर पडते. छाननीत मूळ प्रश्न दोन असतात. अर्जदार हप्ते फेडेल का, आणि न फेडल्यास घर विकून पैसे वसूल होतील का? अर्जदार तयारीला लागतो तो पहिल्या प्रश्नाच्या. सिबिल स्कोअर बघून ठेवतो, पगारपत्रके जमवतो. महाराष्ट्रात, विशेषतः पुनर्विक्रीच्या सदनिकांच्या बाबतीत, फाइल रखडते ती बहुधा दुसऱ्यावर.

पतगुणांक, म्हणजेच क्रेडिट स्कोअर, ३०० ते ९०० दरम्यान असतो आणि साधारण ७५०च्या पुढे तो चांगला धरतात. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार संस्था तो काढतात. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. छाननी करणारा अधिकारी आकड्यावर थांबत नाही, अहवाल उघडून वाचतो. पाच वर्षांपूर्वी क्रेडिट कार्डाची थकबाकी तडजोड करून मिटवली असेल, तर ‘सेटल्ड’ असा शेरा तिथे दिसतो. मित्राच्या कर्जाला जामीन राहिलेल्या माणसाच्या अहवालातही ते कर्ज असतेच, आणि मित्राने हप्ते चुकवले असतील तर त्याचा जाब जामीनदाराला द्यावा लागतो.

उत्पन्नाचा हिशेब बहुधा हातात पडणाऱ्या पगारावर होतो. सगळे हप्ते मिळून उत्पन्नाच्या किती टक्के चालतील याची मर्यादा प्रत्येक धनको (कर्ज देणारी संस्था) ठरवतो. ती साधारण ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान असते. समजा हातात एक लाख रुपये पडतात आणि मर्यादा ५० टक्के आहे. गाडीचा १२,००० रुपयांचा हप्ता चालू असेल तर घरासाठी ३८,००० उरतात. साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी लाखामागे हप्ता सुमारे ८६८ रुपये येतो, म्हणजे कर्ज बसते जेमतेम पावणेचव्वेचाळीस लाखांचे. गाडीचे कर्ज आधी फेडून टाकले, तर तोच पगार साडेसत्तावन्न लाखांपर्यंत नेतो. दोन-तीन लाखांच्या उरलेल्या गाडीकर्जापायी घराचे जवळपास १४ लाख जातात, हे बहुतेकांना अर्ज भरल्यावर कळते.

व्यावसायिकाकडून दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, ताळेबंद आणि जीएसटीचे भरणे मागतात. कर वाचवण्यासाठी कमी दाखवलेले उत्पन्न इथे आडवे येते. घसारा (यंत्रे, वाहने यांच्या झिजेपोटी हिशेबात वजा केलेली रक्कम) नफ्यात परत मिळवून काही बँका दिलासा देतात, पण रोखीने होणारा आणि कागदावर न आलेला धंदा त्यांच्या लेखी नसतोच. पगार ज्या खात्यात जमा होतो त्याचे विवरणही बारकाईने वाचले जाते. खात्यात पैसे नसल्याने परत गेलेला एखादा आपोआप वळता होणारा हप्ता, अर्जाच्या तोंडावर अचानक जमा झालेली मोठी रक्कम, अर्जात न लिहिलेला कुठला तरी हप्ता, यावर खुलासा मागितला जातो. याच सुमारास बँकेने नेमलेला माणूस घरी आणि कार्यालयात येऊन जातो. दारावरच्या पाटीचा फोटो काढतो, सोसायटीच्या रखवालदाराला किंवा शेजाऱ्याला दोन प्रश्न विचारतो. याचा राग येणे स्वाभाविक आहे, पण ही भेट ठरलेल्या कामाचाच भाग असते, संशयाची खूण नव्हे.

किमतीच्या किती टक्के कर्ज द्यायचे, याची कमाल मर्यादा रिझर्व्ह बँकेने घातली आहे: ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या किमतीत धरत नाहीत. दहा लाखांपर्यंतच्या घरांना तेवढी सूट आहे. करारातली किंमत आणि मूल्यांककाने काढलेली किंमत यांतली कमी असेल ती धरण्याची रीत आहे. पुण्यात ८० लाखांच्या सदनिकेचे मूल्यांकन ७४ लाख आले, तर ८० टक्क्यांप्रमाणे कर्ज ५९ लाख २० हजार. उरलेले २० लाख ८० हजार, शिवाय सात टक्के मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी फी, असे पावणेसत्तावीस लाखांच्या आसपास खरेदीदाराने स्वतः उभे करायचे. विक्रेत्याने काही रक्कम रोखीत मागितली असेल तर ती याच्याही वर. बँक फक्त नोंदवलेला करार ओळखते.

मालमत्तेची तपासणी दोघे करतात. अभियंता-मूल्यांकक जागेवर येऊन मापे घेतो आणि मंजूर नकाशाशी ताडून पाहतो. बंद केलेली बाल्कनी, खोलीत घेतलेली गच्ची, इमारतीचे वय, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्यास योग्य असल्याचा दाखला) मिळाले आहे की नाही, हे सगळे त्याच्या अहवालात येते. इमारत जुनी असेल तर कर्जाची मुदत कमी होते. वकील मालकीच्या नोंदींचा साधारण ३० वर्षांचा शोध घेतो. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, बिगरशेती आदेश, जमीनमालक आणि बिल्डर यांच्यातला विकसन करार, सूची क्रमांक दोन (नोंदवलेल्या दस्ताचा उतारा), भागपत्र (सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट) आणि सोसायटीचे ना-हरकत पत्र त्याला लागते. नव्या प्रकल्पात महारेराचा (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक आधी पाहतात, आणि तो प्रकल्प बँकेने पूर्वीच तपासलेला असेल तर काम पुष्कळ सोपे होते.

पुनर्विक्रीत खरी मेख असते करारांच्या साखळीत. सदनिका तीन हात फिरली असेल तर बिल्डरने पहिल्या मालकाला दिलेल्या करारापासूनचे सगळे मूळ करार लागतात. मधला एक जरी गहाळ असला, तर पोलिसांकडे तक्रार, दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित प्रत आणि वृत्तपत्रात जाहीर नोटीस इतके सोपस्कार होतात. नोटिशीची मुदत संपेपर्यंत फाइल तिथेच. मालक वारला असेल तर सोसायटीतल्या नामनिर्देशनावर वकील समाधान मानत नाही. तो सगळ्या वारसांच्या सह्या किंवा नोंदवलेले हक्कसोडपत्र मागतो. इसार (सौदा पक्का करण्याची आगाऊ रक्कम) देण्यापूर्वी विक्रेत्याकडून या साखळीच्या प्रती घेऊन स्वतःच्या वकिलाला दाखवणे, ही या व्यवहारातली सर्वांत उपयोगी आणि सर्वांत टाळली जाणारी गोष्ट आहे.

काही जागांवर उत्पन्न कितीही असले तरी कर्ज मिळणे कठीण असते. मुंबईतल्या पागडीच्या (एकरकमी पैसे देऊन कमी भाड्याने घेतलेल्या) खोलीचा भाडेकरू मालक नसल्याने तो ती गहाण ठेवू शकत नाही. गावठाणातल्या घराचा ग्रामपंचायतीचा नमुना आठ ही करआकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून मिळकत पत्रिका मिळू लागल्याने ही अडचण काही गावांत सैल झाली आहे. नियमित न झालेले गुंठेवारीचे भूखंड (शेतजमिनीचे परवानगीशिवाय पाडलेले छोटे तुकडे) आणि परवानगीशिवाय हस्तांतरित झालेल्या भोगवटादार वर्ग दोनच्या (हस्तांतरावर सरकारी निर्बंध असलेल्या) जमिनी इथेही वकिलाचा शेरा प्रतिकूलच येतो.

मंजुरीपत्र म्हणजे कर्ज नव्हे. अनेक बँका केवळ उत्पन्नावर ते देतात आणि मालमत्तेची तपासणी नंतर करतात. मंजुरीपत्राच्या जोरावर मोठा इसार देऊन बसलेला खरेदीदार वकिलाच्या तपासणीत नकार आला की पेचात सापडतो. मंजुरीनंतर नोकरी बदलली किंवा नवे कर्ज घेतले तर वितरणाआधी हिशेब पुन्हा मांडला जाऊ शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून व्याज, शुल्क आणि वार्षिक एकूण खर्चाचा दर एकत्र दाखवणारे मुख्य तथ्य विवरण देणे बंधनकारक आहे. सही करण्यापूर्वी ते वाचावे, एजंटाच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नये.

गहाण बहुधा मूळ हक्कलेख बँकेकडे ठेवून होते. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने ही सोय कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या शहरांना नावानिशी दिली, इतर शहरे सरकारी अधिसूचनेने जोडली गेली. महाराष्ट्रात अशा गहाणाची सूचना ३० दिवसांत दुय्यम निबंधकाकडे द्यावी लागते. कर्ज फिटल्यावर बँकेने मूळ कागद ३० दिवसांत परत करायचे असतात. बँकेमुळे उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.

अर्ज नाकारला तर त्याची मुख्य कारणे बँकेने लेखी कळवावीत, असे रिझर्व्ह बँकेच्या न्याय्य व्यवहार संहितेत आहे, आणि ती मागून घ्यावीत. कारण उत्पन्नाचे असेल तर सहअर्जदार जोडून किंवा मुदत वाढवून दुसरीकडे मार्ग निघू शकतो. मात्र एकाच महिन्यात पाच ठिकाणी अर्ज टाकल्यास प्रत्येक चौकशीची नोंद पतअहवालात उमटते आणि सहावा अधिकारी तीही वाचतो. कारण मालमत्तेचे असेल, तर दुसऱ्या बँकेचा वकीलही बहुतेक वेळा तेच लिहितो.