कारखान्यांची उत्पादकता : देशादेशांच्या तुलनेमागचा इतिहास

अमेरिकी कामगार ब्रिटिश कामगाराच्या दुपटीहून जास्त माल काढतो, हे लाझलो रोस्तास यांनी 1948 साली उद्योगवार आकड्यांनिशी मांडले. त्यांची पद्धत सरळ होती. महायुद्धापूर्वीच्या उत्पादनगणनांमधून एकेका उद्योगाचे टन, जोड, डझन काढायचे आणि त्यांना कामगारसंख्येने भागायचे. पैसा मध्ये येतच नाही, त्यामुळे पौंड-डॉलरच्या दराची भानगड राहत नाही. सिमेंटला किंवा कच्च्या लोखंडाला हे चालते. मोटारीपाशी अडते, कारण ब्रिटनची छोटी गाडी आणि अमेरिकेची ऐसपैस गाडी दोन्ही ‘एक नग’च मोजल्या जातात.

त्याच वर्षी उत्पादकतेसाठी ब्रिटन-अमेरिकेची संयुक्त परिषद स्थापन झाली. तिच्यामार्फत 66 पथके अमेरिकी कारखाने पाहून आली. त्यांत व्यवस्थापक आणि तंत्रज्ञांबरोबर कामगारही होते. मालाचे प्रकार कमी ठेवायचे, एकच नमुना जास्त दिवस सलग काढायचा आणि माल उचलण्या-नेण्याचे काम यंत्रांवर सोपवायचे, असे त्यांच्या अहवालांत पुन्हा पुन्हा येते.

पुढे पातळीपेक्षा वाढीच्या वेगाची तुलना जास्त रूढ झाली आणि त्याला सबळ कारण होते. सप्टेंबर 1985 मध्ये एका डॉलरला सुमारे 240 येन पडत होते, 1986 अखेरीस सुमारे 160. बाजारातल्या दराने हिशेब केला, तर एकही यंत्र न बदलता जपानी कामगाराचे उत्पादन डॉलरमध्ये दीडपट झाले. प्रत्येक देशाचे उत्पादन त्याच्याच चलनात आणि स्थिर किमतींना (म्हणजे भाववाढ वगळून) मोजून फक्त टक्केवारीची तुलना केली, की हा घोळ टळतो. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाने हीच वाट धरली. त्याच्या तक्त्यांत पायाभूत वर्षी, म्हणजे ज्या वर्षाशी बाकीच्या वर्षांची तुलना करायची त्या वर्षी, सगळे देश 100 वर असत. इथे वाचकाची हमखास गफलत होते : 100 म्हणजे बरोबरी नव्हे. युद्धानंतर जपानची उत्पादकता झपाट्याने वाढली, त्यात सुरुवात फार खालून झाल्याचा वाटा मोठा होता.

पण वाढ मोजताना किमतीचा निर्देशांक, म्हणजे किमती किती बदलल्या ते दाखवणारा आकडा, मध्ये येतो आणि खरी अडचण तिथेच आहे. 1985 च्या अखेरीस अमेरिकेने संगणकांसाठी गुणवत्ता धरून चालणारा निर्देशांक स्वीकारला. वेग आणि स्मृतिक्षमता यांची किंमत सांख्यिकी समीकरणाने वेगळी काढायची. त्याच पैशात दुप्पट ताकदीचे यंत्र मिळाले, तर किंमत उतरली असे धरायचे, म्हणजे तेवढे उत्पादन वाढले. कल्पना योग्यच आहे. पण जर्मनीने ही पद्धत वैयक्तिक संगणकांना 2002 मध्ये लावली. मधल्या काळात जर्मन निर्देशांकात संगणक फारच हळू स्वस्त होत होते. त्या वर्षांत दोन देशांच्या वाढीत दिसणाऱ्या फरकातला काही भाग कारखान्यांतला नव्हता, सांख्यिकी कचेऱ्यांतला होता.

त्यात स्थिर भारांची भर पडली, म्हणजे प्रत्येक वर्षाचे उत्पादन पायाभूत वर्षाच्याच किमतींनी मोजायचे. समजा, पायाभूत वर्षी एक लाखाला मिळणारा संगणक पुढे दहा हजारांवर आला. जुन्या भारांच्या हिशेबात नवा प्रत्येक नग लाखाचाच धरला जातो आणि उत्पादन फुगते. अमेरिकेने 1996 च्या सुरुवातीला दरवर्षी भार बदलणारी साखळी पद्धत आणली, ती यासाठीच.

उत्पादनाला ज्याने भागायचे त्या छेदाकडे, म्हणजे कामाच्या तासांकडे, तर फार कमी लोक बघतात. आठवड्याला 40 तासांप्रमाणे वर्षाचे 2,080 तास पगारी. त्यातून 30 दिवसांची भरपगारी रजा आणि 10 सुट्ट्या वजा केल्या, तर प्रत्यक्ष काम 1,760 तासांचे उरते. पगारी तासांनी भागले, तर जास्त रजा देणारा देश विनाकारण मागे दिसतो. फ्रान्समध्ये 2000 साली कायदेशीर आठवडा 39 वरून 35 तासांवर आला. अशा वेळी दर कामगारामागचे आणि दर तासाचे आकडे वेगवेगळे बोलू लागतात, म्हणून भागाकार कामाच्या तासांनीच करावा. कंत्राटी मजुरांचेही तेच. एजन्सीमार्फत आलेला माणूस मशीनवर उभा असतो, पण त्याची नोंद सेवाक्षेत्रात होते. मूल्यवर्धनातून (मालाच्या किमतीतून बाहेरून घेतलेल्या वस्तू-सेवांचा खर्च काढून उरते त्यातून) एजन्सीचे बिल वजा होते हे खरे, तरी दर तासाचा आकडा हलतोच, कारण वजा झालेला पैसा आणि वजा झालेले तास सारख्या प्रमाणात नसतात.

जर्मनीची मालिका वापरताना 1991 चा सांधा तपासावा. त्याआधीचे आकडे पश्चिम जर्मनीचे, नंतरचे एकत्रित देशाचे. दोन्हींचा 1991 चा आकडा घेऊन मागची मालिका वाढीच्या दराने जोडावी लागते. थेट चिकटवली, तर पूर्वेकडचे कारखाने सामील झाल्यामुळे आलेली उतरंड उत्पादकतेची घट म्हणून वाचली जाते.

श्रम सांख्यिकी विभागाचा हा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम 2013 मध्ये खर्चकपातीत बंद पडला. ते काम कॉन्फरन्स बोर्ड या खासगी संस्थेने पुढे चालवले.