थडग्यातल्या घोड्यांचा प्रवास

चीनमध्ये एक जुनी म्हण आहे: जन्म घ्यावा सुचौ-हांगचौला आणि पुरले जावे पैमांगवर. पैमांग म्हणजे लोयांग शहराच्या उत्तरेची टेकड्यांची रांग. शेकडो वर्षे राजे, सरदार, अधिकारी यांना तिथेच मूठमाती मिळाली. 1905 ते 1909 या काळात काईफंग ते लोयांग हा लोहमार्ग टाकला जाऊ लागला, तेव्हा मजुरांच्या कुदळी याच जमिनीत शिरल्या आणि थांग घराण्याच्या काळातली (इ.स. 618 ते 907) थडगी एकामागून एक उघडी पडली. आज जगभरच्या संग्रहालयांत दिसणारे पिवळ्या-हिरव्या झिलईचे मातीचे घोडे आणि उंट खऱ्या अर्थाने बाजारात आले ते तेव्हापासून.

तोवर ते कोणालाच नको होते. थडगी फोडणारे चोर कांस्याची भांडी, जेडचे दागिने उचलत आणि मातीच्या मूर्ती तिथेच टाकून देत. मढ्याबरोबर पुरलेली वस्तू घरात आणणे म्हणजे अपशकुन. पेइचिंगच्या (बीजिंगच्या) जुन्या वस्तूंच्या बाजारात 1907 साली अभ्यासक लुओ चन-यू यांना अशा दोन मूर्ती दिसल्या. त्यांनी त्या घेतल्या, आणखी मागवल्या आणि 1916 साली या वस्तूंवर सचित्र ग्रंथ काढला. अपशकुनी मातीला अभ्यासाचा मान मिळवून देणाऱ्यांत त्यांचे नाव वर घ्यावे लागते.

पण ही जनावरे घडवली कशासाठी? त्यासाठी फार मागे जावे लागते. शांग काळात (सुमारे इ.स.पू. 1600 ते 1046) राजघराण्यातल्या माणसाबरोबर जिवंत माणसे आणि जनावरे पुरत. 1976 मध्ये आनयांगला सापडलेल्या राणी फू हाओच्या थडग्यात 16 माणसांचे आणि 6 कुत्र्यांचे सांगाडे होते. पुढे ही चाल हळूहळू मोडत गेली. छिन राज्याने इ.स.पू. 384 मध्ये माणसे पुरण्यावर बंदी घातली. खऱ्याच्या जागी मातीचे आणि लाकडाचे आले. अशा वस्तूंना ‘मिंगछी’ म्हणतात: मृतासाठी केलेल्या, जिवंतांनी न वापरायच्या वस्तू.

हान काळातली (इ.स.पू. 206 ते इ.स. 220) जनावरे मला सर्वांत जवळची वाटतात, कारण त्यांत गोठ्याचा वास आहे. इ.स.पू. 141 मध्ये वारलेल्या सम्राट चिंगच्या थडग्याभोवतीच्या खड्ड्यांतून मातीची डुकरे, शेळ्या, मेंढ्या, कुत्रे, कोंबड्या रांगांनी निघाल्या. सम्राटाला परलोकातही खायला लागणार, हा साधा हिशेब. साध्या सधन शेतकऱ्याच्या थडग्यात विहीर, चूल, धान्याची कोठी आणि डुकरांचा खुराडा यांचे मातीचे नमुने ठेवत. या खुराड्याचा नमुना जवळून पाहावा. चौकोनी भिंत, आत आडवी झालेली डुकरीण, आणि कोपऱ्यात वर जिना चढून जायचा शौचकूप, ज्यातले सगळे खाली डुकरांपुढे पडते. त्या काळच्या शेतीचे इतके प्रामाणिक चित्र क्वचितच कुठल्या दरबारी बखरीत मिळेल.

थांग काळात थाट बदलला. रेशीम मार्गावरचे उंट, पश्चिमेकडून आलेले धिप्पाड घोडे, दाढीवाले परदेशी मोतद्दार. यातल्या रंगीत वस्तूंना सानचाई, म्हणजे ‘तीन रंग’ म्हणतात. आपण ज्याला चिनी माती म्हणतो ती ही नव्हे. चहाचे कप होतात तसे हे कठीण, खणखणीत अंग नाही. माती आधी भाजायची, मग शिशाची झिलई लावून कमी आचेवर पुन्हा भाजायची. तांब्याने हिरवा, लोखंडाने पिवळा-तपकिरी, कोबाल्टने निळा. शिसे पातळ होऊन वाहते, म्हणून घोड्याच्या पाठीवरचा रंग पोटावरून ओघळत येतो. हे ओघळ मुद्दाम राखलेले आहेत, आणि त्यांतच या कामाचे सौंदर्य आहे. मिरवणुकीतून या वस्तू थडग्याकडे नेत, तेव्हा लोक बघत. त्यामुळे चढाओढ लागली. 741 साली फर्मान काढून संख्येवर मर्यादा घालावी लागली: तिसऱ्या आणि त्यावरच्या श्रेणीच्या अधिकाऱ्याला 90 ऐवजी 70, सामान्य माणसाला 15. पुढे 755 मध्ये सेनापती आन लुशानचे बंड झाले आणि हा थाट ओसरला.

युरोपातली मागणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चढली. लंडनचे व्यापारी जॉर्ज युमोर्फोपोलस यांचा प्रचंड संग्रह 1930च्या दशकात ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने विकत घेतला. त्यात 728 साली वारलेल्या सेनापती लिऊ थिंगशुन यांच्या थडग्यातल्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या 13 मूर्ती होत्या. डिसेंबर 1989 मध्ये ब्रिटिश रेल्वेच्या पेन्शन फंडाने गुंतवणूक म्हणून घेतलेला एक थांग घोडा लंडनच्या लिलावात 37 लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला.

किंमत चढली तशा नकलाही वाढल्या. माती शेवटची कधी भाजली गेली हे सांगणारी थर्मोल्युमिनेसन्स चाचणी आली, तर नकला करणाऱ्यांनी जुन्या मातीचे तुकडे जोडून नवी जनावरे उभी केली. चाचणीसाठी नमुना जिथून खरवडला तो पाय जुना, बाकीचे धड नवे. आणि खऱ्यासाठी खरी थडगी फुटतच राहिली. 2009 मध्ये अमेरिकेने चीनशी करार करून थांग काळापर्यंतच्या पुरावस्तूंच्या आयातीवर निर्बंध घातले.

चोरांच्या हाती लागलेला घोडा कितीही देखणा असला तरी तो कोणासाठी घडवला, त्याच्या शेजारी काय उभे होते, हे कायमचे गेलेले असते. माझी खरी हळहळ तिथे आहे. 1957 मध्ये शीआनजवळ पुरातत्त्वज्ञांनी श्यान्यू थिंगहुई या सेनापतीचे 723 सालचे थडगे उघडले. त्यात एक उंट निघाला, जेमतेम दोन फूट उंच, मान वर करून उभा. त्याच्या पाठीवरच्या बैठकीवर चार वादक बसलेले आणि मध्ये एक जण नाचत असलेला. बाकीची वाद्ये गळून गेली आहेत. एकाच्या हातात पिपा नावाचे तंतुवाद्य तेवढे उरले आहे. हा उंट कुठल्या घरचा, कुठल्या सालचा, हे मात्र पक्के माहीत आहे.