बराच काळ उभी असलेली मोटारसायकल चालू करण्यापूर्वी

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

काही महिने बंद राहिलेली मोटारसायकल आमच्याकडे येते, तेव्हा तिच्यातला मूळ दोष बहुधा किरकोळ निघतो. ती चालू व्हावी म्हणून घाईने केलेल्या खटपटीचे नुकसान मात्र कित्येकदा त्याहून मोठे असते. म्हणून आमची पहिली विनंती अशी की, गाडीवरची चादर काढल्याबरोबर सेल्फचे बटण दाबू नये. आधी काय पाहावे आणि कुठे थांबावे, हे सांगण्यासाठी हे पत्रक आहे.

किल स्विच, म्हणजे हँडलवरचा इंजिन बंद करण्याचा खटका, बंद राहिलेला नाही, गाडी न्यूट्रलमध्ये आहे आणि साइड स्टँड वर घेतलेले आहे, एवढी खात्री प्रथम करून घ्यावी. हे वाचून हसू येईल, परंतु केवळ किल स्विचमुळे टेम्पोत घालून आणलेल्या गाड्या आम्ही पाहिल्या आहेत.

बॅटरी

चावी फिरवल्यावर दिवे लागले म्हणजे बॅटरी चांगली आहे, असा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. दिव्याला लागणारा करंट अगदी थोडा असतो, तर सेल्फच्या मोटरला त्याच्या कित्येक पट लागतो. त्यामुळे दिवे लावणारी बॅटरी सेल्फ फिरवताना कोलमडू शकते. बटण दाबताच नुसता टक-टक आवाज येऊन दिवे मंदावत असतील, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिच्या टर्मिनलवर गंज चढला आहे, असे समजावे. घरी मल्टिमीटर असल्यास गाडी बंद ठेवून मोजावे. 12 व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीत 12.6 ते 12.8 व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे, 12.4 च्या खाली चार्जिंग हवे, आणि 12 च्या आसपास ती जवळजवळ रिकामी आहे. सेल्फ दाबलेला असताना आकडा साडेनऊच्याही खाली घसरत असेल, तर आधी भरलेली दिसलेली बॅटरीही आतून संपलेली असण्याचा संभव मोठा असतो.

उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की तिच्या प्लेटांवर लेड सल्फेटचा कठीण थर बसतो आणि तो पुढे चार्जिंगनेही पुरता निघत नाही. म्हणून चार्जिंग लवकर करावे, पण सावकाश करावे: बॅटरीच्या अँपिअर-अवर क्षमतेच्या साधारण दहाव्या भागाइतका करंट पुरेसा असतो, म्हणजे 5 अँपिअर-अवरच्या बॅटरीला अर्धा अँपिअर. चार्ज होताना हायड्रोजन वायू बाहेर पडतो, त्यामुळे जागा हवेशीर असावी आणि जवळपास ठिणगी किंवा ज्योत नसावी. बॅटरी काढताना निगेटिव्ह तार आधी सोडावी आणि बसवताना ती शेवटी जोडावी. लिथियम बॅटरीला तिच्यासाठीचाच चार्जर लावावा. गाडी चालू करण्यासाठी मोटारीच्या बॅटरीवरून तारांनी जोड द्यायची असेल, तर त्या मोटारीचे इंजिन बंद ठेवावे.

शिळे पेट्रोल

बॅटरी ठीक असून सेल्फ जोमाने फिरतो आणि तरीही इंजिन पेटत नाही, तेव्हा आमचा संशय बहुतेक वेळा पेट्रोलवर जातो. पेट्रोलमधले जे हलके घटक थंड इंजिनात चटकन पेट घेतात, तेच सर्वांत आधी उडून जातात; मागे उरलेले पेट्रोल दिसायला तसेच असले तरी ठिणगीला दाद देत नाही. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतला ओलावाही शोषून घेते, आणि तो मर्यादेपलीकडे गेला की पाणी व इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. इंजिनाकडे जाणारी नळी नेमकी तळापासूनच निघते. जुन्या पेट्रोलवर ताजे ओतून काम भागत नाही, ते यामुळेच. जुने पेट्रोल काढून टाकावे आणि टाकीत आत गंज दिसतो का, हे त्याच वेळी विजेरीने पाहून घ्यावे. पेट्रोल उघड्यावर काढताना विजेचे बटण, दिवा, सिगारेट यांपैकी काहीही जवळ नको, हे वेगळे सांगायला नकोच.

कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणारा भाग, असलेल्या गाडीत आणखी एक अडचण असते. कार्ब्युरेटरच्या तळच्या वाटीत राहिलेले थोडेसे पेट्रोल सुकून पिवळसर, चिकट थर होतो आणि पायलट जेटचे, म्हणजे इंजिन संथ चालताना पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोटीचे, छिद्र बुजवतो. ते छिद्र बहुधा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असते. गाडी चोकवर (थंड इंजिनासाठी हवा कमी करणाऱ्या खटक्यावर) चालू होते आणि चोक बंद करताच मरते, ही या बिघाडाची जवळजवळ हमखास खूण आहे. वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून जुने पेट्रोल काढून टाकणे घरी जमण्यासारखे आहे. जेटमध्ये तार मात्र घालू नये, कारण छिद्र किंचितही मोठे झाले तर मिश्रणाचे प्रमाण कायमचे बिघडते. ते काम कार्ब्युरेटर क्लीनर आणि हवेच्या दाबानेच करायचे असते.

फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी पंप आणि इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या, गाडीत चावी फिरवल्यावर टाकीकडे कान द्यावा. दोन-तीन सेकंद पंपाची गुणगुण ऐकू आली पाहिजे. ती नसेल तर प्रथम फ्यूज पाहावा. गुणगुण येत असूनही इंजिन पेटत नसेल, तर पंपाची जाळी किंवा इंजेक्टर बुजलेला असू शकतो. या गाड्यांच्या पेट्रोलच्या नळीत दाब असतो, त्यामुळे ती घरी उघडू नये.

प्लग, आणि उंदीर

बरेच प्रयत्न करूनही गाडी पेटली नाही, तर ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग काढून पाहावा. तो पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल पोहोचते आहे, पण एक तर करंट येत नाही किंवा इंजिन ओव्हरफ्लो झाले आहे, म्हणजे त्यात गरजेपेक्षा जास्त पेट्रोल साचले आहे. कोरडा असेल तर पेट्रोलच येत नाही. ओला प्लग पुसून, सुकवून परत बसवावा, चोक बंद ठेवावा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण उघडून काही सेकंद सेल्फ मारावा. सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा अधिक दाबू नये आणि मध्ये अर्धा मिनिट थांबावे, नाहीतर मोटर तापते. एअर फिल्टरचा डबा उघडून पाहण्याचा कंटाळा करू नये. त्यात उंदरांचे घरटे सापडणे आमच्या दृष्टीने नवलाचे राहिलेले नाही, आणि घरटे सापडले तर वायरिंग कुरतडलेले आहे का, हेही पाहावे लागते.

गाडी वर्षभराहून अधिक काळ उभी असेल, तर सेल्फ मारण्याआधीच प्लग काढून सिलिंडरमध्ये लहान चमचाभर इंजिन ऑइल सोडावे, गाडी मधल्या स्टँडवर घेऊन वरच्या गिअरमध्ये टाकावी आणि मागचे चाक हाताने हळूहळू फिरवावे. इंजिन मोकळे असेल तर पिस्टनची हालचाल जाणवते. ते अडकले असेल तर जोर लावू नये आणि किकवर उभे राहू नये. तिथेच थांबून आम्हांला कळवावे.

ढकलून चालू करण्याबद्दल आम्हांला वारंवार विचारले जाते. इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तर पंपालाच वीज मिळत नाही आणि ढकलण्याचे श्रम वाया जातात. शिवाय न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन तिथला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करू शकते. उभ्या गाडीच्या क्लच प्लेटाही एकमेकींना चिकटलेल्या असू शकतात, अशा वेळी क्लच दाबूनही गाडी अनपेक्षित उसळी घेते.

गाडी चालू झाल्यावर तिला रेस देऊ नये. काही मिनिटे संथ चालू द्यावी. सिलिंडरमध्ये ऑइल सोडले असल्यास सुरुवातीचा धूर त्याचाच असतो. रस्त्यावर नेण्यापूर्वी टायरमधली हवा भरावी, दोन्ही ब्रेक जागेवरच दाबून आणि सोडून पाहावेत, आणि ओलावा शिरलेले जुने इंजिन ऑइल बदलून घ्यावे.

एवढे करूनही गाडी चालू झाली नाही, तर ती कधीपासून उभी आहे, पेट्रोल केव्हाचे आहे आणि घरी काय काय करून पाहिले, हे आम्हांला जसेच्या तसे सांगावे. चुकून काही वेगळे झाले असेल तर तेही सांगावे. त्यावरून कोणी नावे ठेवणार नाही, उलट आमचा तपास तिथून सुरू होतो आणि आपल्याला विनाकारण खोललेल्या भागांची मजुरी पडत नाही.