नीट : दिव्यांग कोट्यातून एमबीबीएसचा अर्ज करताना

एमबीबीएसच्या ५ टक्के जागा दिव्यांगांसाठी राखीव असतात. त्यासाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के लागतं. खुल्या प्रवर्गातल्या दिव्यांगांना नीटमध्ये ५० ऐवजी ४५ पर्सेंटाइलला पात्रता मिळते, राखीव प्रवर्गाला ४० च.

हे आरक्षण समांतर आहे, म्हणजे जागा आपल्या प्रवर्गातूनच मिळते. त्यामुळे ओबीसी दिव्यांग मुलीलाही जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर लागतंच. 'दिव्यांग कोटा आहे, मग व्हॅलिडिटी कशाला' या भरवशावर राहू नका. मराठवाड्याचा वेगळा ७०-३० कोटा (७० टक्के जागा स्थानिकांना, ३० टक्के उरलेल्या राज्याला) अजून आहे असं समजणारे पालकही भेटतात. तो २०२० मध्येच रद्द झाला.

सुरुवात यूडीआयडी कार्डापासून (दिव्यांगांचं राष्ट्रीय ओळखपत्र) करा, तीही अकरावीतच. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा. तपासणी जिल्हा रुग्णालयात किंवा छत्रपती संभाजीनगरचं घाटी, अंबाजोगाई यांसारख्या शासकीय महाविद्यालयात होते. ४० ते ८० टक्क्यांच्या आतलं कार्ड पिवळं, त्यापुढचं निळं. पांढरं आलं तर टक्के ४० च्या खाली आहेत, म्हणजे कोटा नाही. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर मुदत प्रवेशाच्या काळात संपत नाही ना, हे पाहा. दहावीची सनद, आधार आणि यूडीआयडी तिन्हीवर नाव अक्षरन् अक्षर एकच हवं. एकीकडे 'बालाजी माधवराव' आणि दुसरीकडे 'बालाजी माधव' असलं की पडताळणीत अडतं.

नीटच्या फॉर्ममध्ये दिव्यांग रकान्यात 'होय' करायचं राहिलं, तर दुरुस्तीची खिडकी उघडी असेपर्यंतच ते बदलता येतं. जादा वेळ (तीन तासांच्या पेपरला एक तास) आणि लेखनिक हवा असेल तर तेही इथेच नोंदवा.

निकालानंतरचा टप्पा सगळ्यांत नाजूक. यूडीआयडी असलं तरी नेमून दिलेल्या वैद्यकीय मंडळाकडून पुन्हा तपासणी होते. इतर रुग्णालयाचं प्रमाणपत्र चालत नाही. मुंबईत जेजे, हाजीअलीची पुनर्वसन संस्था आणि श्रवणदोषासाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था अशी केंद्रं आहेत, नागपुरात एम्स. मराठवाड्यात एकही नाही, म्हणून लातूर-मुंबई किंवा देवगिरी एक्स्प्रेसचं आरक्षण निकालाच्या आसपासच करून ठेवा. केंद्रांची यादी दरवर्षी एमसीसीच्या (मेडिकल कौन्सेलिंग कमिटी) संकेतस्थळावर पाहायची.

१५ ऑक्टोबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दिव्यांगत्वाचे टक्के जास्त आहेत एवढ्यावरून कुणाला बाद करता येत नाही. उमेदवार अभ्यासक्रम पूर्ण करू शकेल का, ते मंडळाने तपासायचं असतं. 'दोन्ही हात शाबूत हवेत' ही अटही फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने मोडीत काढली. म्हणूनच २०२५ पासून मागितलं जाणारं स्वयंघोषणापत्र घाईत भरू नका. 'मी सक्षम आहे' एवढं मोघम लिहून मंडळाला काही कळत नाही. जिना चढताना कठडा लागतो का, कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी) लावून किती वेळ उभं राहता येतं, कोणत्या हाताने लिहिता, मशीन लावल्यावर बोलणं ऐकू येतं का, ते ठोस लिहा. आणि कॅलिपर, श्रवणयंत्र, चष्मा सोबत न्या. रोज वापरता ती साधनं नसताना तपासणी झाली तर चित्र उगाच वाईट दिसतं. जुने एक्स-रे, ऑडिओग्राम, शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड मूळ आणि झेरॉक्स दोन्ही ठेवा.

मंडळाने अपात्र ठरवलं तर कारणं लेखी मागा. ती देणं मंडळावर बंधनकारक आहे, आणि औरंगाबाद खंडपीठात दाद मागायची तर वकील पहिल्यांदा तोच कागद मागतो. प्रवेशाच्या फेऱ्या भराभर उरकतात, तेव्हा हे त्याच आठवड्यात करायचं.