माळवदावर चढणारे इलेक्ट्रॉन

मोसंबीची पाने पिवळी पडली आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, की जालन्याकडचा शेतकरी ओळखतो: झाडाला लोह मिळत नाही. बेसॉल्टच्या आपल्या काळ्या रानात लोहाला तोटा नाही, पण चुनखडीमुळे ते मुळांना लागत नाही. मग दुकानातून हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, येते, नाहीतर चिलेटेड लोह. हिराकस पाण्यात विरघळली की लोहाच्या प्रत्येक आयनाभोवती पाण्याचे सहा रेणू जमतात. चिलेटमध्ये एक मोठा सेंद्रिय रेणू त्याला चारी बाजूंनी धरून ठेवतो. अशा जोडणीला जटिल संयुग म्हणतात, कॉलेजात सरळ ‘कॉम्प्लेक्स’.

शेजारी बदलला की लोह किती बदलते, हे परीक्षानळीत दिसते. हिराकशीचे ताजे, फिकट हिरवट, जवळपास रंगहीन द्रावण घ्यावे आणि त्यात फिनँथ्रोलिनचे, म्हणजे नायट्रोजनच्या अणूंनी लोहाला धरणाऱ्या एका सेंद्रिय रेणूचे, थेंब सोडावेत. थेंब पडेल तिथे लालसर नारिंगी रंग उमटतो आणि नळी हलवताच सगळीकडे पसरतो. माती-पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतला फेरोइन हा दर्शक तो हाच. रंगासोबत चुंबकत्वही बदलते. हिराकशीचा खडा जोरदार चुंबकाकडे हलकेच ओढला जातो. फेरोइनमधले लोह ओढले जात नाही. लोह दोन्हीकडे तेच, फेरस, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेले.

यामागे लोहाचे बाहेरचे सहा इलेक्ट्रॉन आहेत आणि त्यांच्यासाठी पाच जागा. शेजारी रेणूंमुळे या जागा ऊर्जेच्या दोन पातळ्यांत विभागल्या जातात. आपल्याकडच्या माळवदाच्या घरात खाली तीन खाटा आणि वर माळवदावर दोन खाटा आहेत असे समजा. माळवद फार उंच असेल तर सहाही जण खालीच दोघे-दोघे निजतात. इलेक्ट्रॉनांच्या जोड्या लागल्या की त्यांचे चुंबकत्व एकमेकांना खोडून काढते. ही नीच स्पिन अवस्था, फेरोइनची. माळवद बुटके असेल तर दाटी टाळून दोघे वर जातात, खाली एकच जोडी उरते आणि चार इलेक्ट्रॉन एकेकटे राहतात. ही उच्च स्पिन अवस्था, हिराकशीची.

खरी मौज मधल्या उंचीवर आहे. फेरोइनमधल्या तीन फिनँथ्रोलिनांपैकी एक काढून तिथे दोन थायोसायनेट बसवले की लोह काठावर येते. हे संयुग उणे 97 अंश सेल्सिअसच्या खाली चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. त्याच्या वर काही अंशांतच ओढले जाऊ लागते. उणे 97 आपल्याला अगदीच परके नाही. गुरांच्या दवाखान्यात रेतमात्रा ठेवायच्या भांड्यातला द्रव नायट्रोजन उणे 196 अंशांवर असतो. लोहसंयुगांचे असे विचित्र वागणे इटलीत कांबी आणि सेगो यांनी 1931 मध्येच नोंदवले होते, मात्र त्यांचे लोह फेरिक, म्हणजे आणखी एक इलेक्ट्रॉन गमावलेले, होते.

उष्णतेने इलेक्ट्रॉन वर का जातात? उष्णता नेहमी अशा अवस्थेची बाजू घेते, जिथे रेणूला राहण्याचे अधिक प्रकार उपलब्ध असतात. एकट्या इलेक्ट्रॉनांमुळे ते वाढतात, पण हा वाटा लहान आहे. या बदलात एन्ट्रॉपी, म्हणजे या प्रकारांचे माप, साधारण 50 ते 80 जूल प्रति मोल प्रति केल्विन वाढते, त्यातले स्पिनचे, म्हणजे एकट्या इलेक्ट्रॉनांचे, जेमतेम 13. बाकी बहुतांश येते ढिल्या झालेल्या बंधांतून. वर गेलेले इलेक्ट्रॉन शेजाऱ्यांना मागे रेटतात आणि लोह-नायट्रोजन अंतर सुमारे दहा टक्क्यांनी वाढते. म्हणजे रेणू खरोखर फुगतो. मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण स्फटिकात एक रेणू फुगला की त्याचा रेटा शेजारच्यालाही लागतो.

लोहाचे आयन ट्रायझोल या नायट्रोजनयुक्त छोट्या रेणूने साखळीसारखे जोडले तर हा रेटा फारच जोरात पोचतो. असे एक जांभळट संयुग तापवले की सुमारे 110 अंशांवर उच्च स्पिनमध्ये जाऊन पांढरे होते. थंड करताना मात्र 110 ला परत फिरत नाही, 70 च्या आसपास उतरल्यावरच जांभळे होते. म्हणून 90 अंशांवर ठेवलेली पूड जांभळी असेल किंवा पांढरी. आधी ती तापली होती की नाही, हे तिचा रंग सांगतो. पदार्थाला स्मृती असते ती अशी. 1984 मध्ये जर्मनीत माइन्झला तर अतिशीत स्फटिकातले लोह नुसत्या हिरव्या प्रकाशाने उच्च स्पिनमध्ये नेऊन तिथेच अडकवून दाखवले गेले.

शीतसाखळीतली लस किंवा दूध वाटेत तापले होते का, हे सांगणाऱ्या खुणेसाठी ही स्मृती कामाची आहे. फ्रान्समध्ये बोर्दो इथे ऑलिव्हिए कान यांच्या गटाने ट्रायझोलचे दोन प्रकार मिसळून हा बदल खोलीच्या तापमानाजवळ आणला. पण बोर्दोची खोली आणि मे महिन्यातली परभणीची खोली यांत पंधरा-वीस अंशांचा फरक सहज पडतो. तिथे जुळवलेली खूण इथे नुसत्या टेबलावर ठेवूनच पांढरी होईल. आपल्यासाठी मिश्रणाचे प्रमाण नव्याने बसवावे लागेल, आणि कान यांच्या मिश्रणातले पर्क्लोरेट स्फोटक ठरू शकते म्हणून त्याच्या जागी दुसरा ऋण आयनही शोधावा लागेल. तो बदलला की संक्रमणाचे तापमान पुन्हा हलते.