‘पंप गेला’ म्हणण्याआधी

माझ्या दाजींची पिकअप पहाटे सासवडहून सीताफळं घेऊन मार्केट यार्डात येते आणि परतताना पेंडीची पोती घेऊन दिवे घाट चढते. गेल्या पावसाळ्यात तिने एक खोड धरली. सकाळी स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरायची वेळ यायची. एकदा चालू झाली की सपाटीला झकास, पण घाटात झटके देऊन बंद. गॅरेजात दोन मिनिटांत निकाल लागला : पंप गेला. नव्या पंपाचा आकडा ऐकून दाजींनी मला फोन लावला. “पाव्हणं, तुम्ही इंजिनिअर ना? जरा बघा की.”

आता पंप म्हणजे कोणता, इथूनच घोळ सुरू होतो. कॉमन रेल डिझेल गाडीत पंप दोन असतात. पहिला फिडर. तो टाकीतलं डिझेल फिल्टरमधून पुढे आणतो. काही गाड्यांत तो टाकीतच बसवलेला विजेचा पंप असतो आणि डिझेल ढकलतो. काहींत तो मोठ्या पंपाच्याच पाठीला असतो आणि डिझेल ओढून घेतो. दाजींची गाडी या दुसऱ्या जातीची. मोठा पंप हे डिझेल दाबून ‘रेल’ नावाच्या जाड नळीत भरतो आणि तिथून इंजेक्टर ते सिलिंडरमध्ये फवारतात. गाडी नुसती उभी चालू असताना रेलमध्ये 250-300 बार दाब असतो (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेएवढा दाब). घाटात पूर्ण रेस दिली की तो 1600 बारपर्यंत जातो. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर एक भरभक्कम मोटार उभी केली, तर जेवढा भार पडेल तेवढा.

एवढा दाब तयार होतो, कारण द्रव पदार्थ सहज दबत नाही. घरात इंजेक्शनची सिरिंज असेल तर करून बघा. सुई काढा, पाणी भरा, तोंड बोटाने बंद करून दट्ट्या दाबा. हलणार नाही. आत थोडी हवा राहू द्या, दट्ट्या लगेच खाली जाईल. मोठ्या पंपात बुडबुडे शिरले की हेच होतं. दट्ट्या वरखाली होतो, पण सगळी मेहनत हवा दाबण्यात आणि सोडण्यात जाते. रेलमध्ये पुरेसा दाब नसेल, साधारण 200 बारच्या आसपास, तर गाडीचा कॉम्प्युटर इंजेक्टर उघडतच नाही. स्टार्टर फिरत राहतो. खडकीच्या किर्लोस्करची इंजिनं ज्यांनी विहिरीवर चालवली, त्यांना यासाठी तीनच शब्द पुरतात : इंजिननं हवा धरली.

मग हवा येते कुठून? ओढणाऱ्या नळीत दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथे बारीक चीर पडली तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट बाहेरची हवा आत खेचली जाते. म्हणजे गळती आहे आणि जमिनीवर थेंब नाही! घाटात इंजिन जास्त डिझेल मागतं, ओढ वाढते, तशी हवाही जास्त शिरते. रात्री गाडी उभी असताना त्याच चिरेतून हवा शिरून नळीतलं डिझेल टाकीकडे उतरतं, म्हणून सकाळचा तो तमाशा.

आम्ही फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये हातभर पारदर्शक नळी जोडली. गाडी चालू केली. सुरुवातीला पिवळसर डिझेल स्वच्छ वाहत होतं. रेस वाढवली तशी मोहरीएवढ्या बुडबुड्यांची माळ सुरू झाली. मग टाकी ते फिल्टर एकेक जोड हाताने हलवून पाहिला. फिल्टरकडे येणारी रबरी नळी क्लिपखाली तडकली होती. तडकलेला भाग कापून नळी पुन्हा बसवली, हातपंप मारून हवा काढली आणि माळ थांबली.

दर वेळी नळीच असते असं नाही. कधी फिल्टर तुंबलेला असतो. कधी टाकीच्या झाकणातलं हवेचं छिद्र बुजतं. गाडी बंद पडल्यावर झाकण उघडताना ‘फुस्स’ झालं आणि मग ती चालू झाली, तर चोर सापडला. पावसाळ्यात फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणी काढणं हे पाच मिनिटांचं काम आहे, पण करतो कोण?

इथवरचं सगळं ठीक निघालं तरी एक तपासणी उरते. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या काढून चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या. खोकल्याच्या औषधाच्या चालतात. गाडी जागेवरच दोन-तीन मिनिटं चालू ठेवायची. तीन बाटल्यांत बोटभर आणि चौथी अर्धी भरली, तर दाब तो इंजेक्टर खातोय; पंप निर्दोष.

पंप खरोखर जातो तेव्हा मात्र प्रकरण गंभीर असतं. त्याला वेगळं ऑइल नाही, डिझेलच त्याचं वंगण. आतल्या फटी दोन-चार मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजायच्या. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 डिझेल आलं आणि गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत 50 वरून 10 वर आली. गंधक काढताना डिझेलचा नैसर्गिक वंगणपणाही कमी होतो, म्हणून वंगण टिकवणारं रसायन वेगळं घालावं लागतं. त्यात कुणी रॉकेल मिसळलं, पाणी शिरलं किंवा टाकी कोरडी होईपर्यंत गाडी रेटली, की धातूवर धातू घासतो आणि चकचकीत चुरा सगळीकडे पसरतो. अशा वेळी नुसता पंप बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. टाकी, नळ्या, रेल, इंजेक्टर सगळं साफ करावं लागतं, नाहीतर जुना चुरा नवा पंपही खातो.

एक जुनी सवय मात्र सोडाच. विहिरीवरच्या इंजिनाची हवा काढायला ते चालू असतानाच नोझलचा नट सैल करत. कॉमन रेलवर तसा पाना लावू नये, गळती हाताने चाचपूही नये. त्या दाबाची धार कातडीतून आरपार जाते. वर काटा टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही फार नाही आणि आत डिझेल पसरत असतं. असं झालं तर हळद दाबून बसू नका, त्याच तासाला सर्जन गाठा आणि आत डिझेल गेलंय हे स्पष्ट सांगा.