पाणबुडीतला तंबाखू आणि दंडावरचा पॅच

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या रसायनांच्या कारखान्यांत गेटवरच काडेपेटी आणि लायटर काढून ठेवावे लागतात. आत ठिणगीला मज्जाव. मग सिगारेट ओढणाऱ्याने आख्खी शिफ्ट काढायची कशी? तो तंबाखू-चुना मळतो आणि बार भरतो. काही वर्षांनी घरी अभिमानाने सांगतो, "सिगारेट सोडली, आता फक्त तंबाखू!" सिगारेट सुटावी म्हणून दंडावर चिकटवायच्या निकोटिन पॅचची कुळकथा अशाच एका अडचणीतून सुरू होते. फरक एवढाच, की ती जागा कारखाना नव्हती, पाणबुडी होती.

स्वीडिश नौदलाच्या पाणबुड्यांत धूम्रपान करता येत नसे. तिथले खलाशी पाण्याखाली असेपर्यंत तोंडात तंबाखू धरत आणि त्यांचं भागत असे. तिथल्या लुंड विद्यापीठातल्या दोन संशोधकांच्या हे लक्षात आलं. १९६७च्या डिसेंबरात त्यांतल्या क्लेस लुंडग्रेन यांनी 'लिओ' या औषध कंपनीतले आपले परिचित ओव्हे फर्नो यांना पत्र लिहून सुचवलं, की धुराशिवाय निकोटिन देता आलं तर माणूस सिगारेटशिवाय राहू शकेल. फर्नो स्वतः सिगारेट ओढणारे, त्यामुळे पत्र बाजूला पडलं नाही. त्यातून निकोटिनचं चुइंगम तयार झालं. १९७८ साली स्वित्झर्लंडने आणि १९८४ साली अमेरिकेने त्याला मान्यता दिली.

यामागचा विचार त्या काळी नवा होता. माणूस सिगारेट ओढतो ती निकोटिनसाठी, पण त्याचा जीव जातो तो मुख्यतः धुरातल्या डांबराने आणि विषारी वायूंनी. म्हणजे ओढ लावणारा एक आणि मारणारा दुसरा. पहिला थोडा थोडा देत राहायचा आणि दुसऱ्याला दारातूनच परत पाठवायचं.

चुइंगमचं एक दुखणं होतं. ते थोडं चावून गालात धरून ठेवायचं असतं. पण लोक साध्या चुइंगमसारखं चघळत बसतात. मग उचक्या लागतात, घशात जळजळ होते, आणि निकोटिन लाळेबरोबर पोटात जाऊन बरंचसं वाया जातं, कारण पोटातून आलेल्या निकोटिनचा यकृत आधीच फडशा पाडतं. साधी गोळी देऊन काम का भागत नाही, त्याचंही कारण हेच.

कातडीची वाट दाखवली ती तंबाखूच्या शेतातल्या मजुरांनी. ओली पानं खुडताना निकोटिन हातांतून अंगात भिनतं; मळमळ, उलट्या, चक्कर सुरू होते. कॅलिफोर्नियात जेड रोझ आणि मरे जार्विक या संशोधकांना वाटलं, की मजुराला जे बाधतं तेच मोजून दिलं तर? इतरांवर प्रयोग करायला परवानगी मिळेना, तेव्हा दोघांनी ते स्वतःच्याच कातडीवर लावून पाहिलं. नाडी वाढली, सिगारेट ओढल्यावर होतं तसंच. १९८४ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. गाडी लागू नये म्हणून कानामागे लावायचा औषधी पॅच १९७९ सालीच अमेरिकेत मान्य झाला होता, त्यामुळे तंत्र हाताशी होतं. १९९१च्या अखेरीस तिथे निकोटिन पॅच डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळू लागले आणि मागणी एवढी उसळली, की सुरुवातीला साठाच पुरेना. १९९६पासून ते बिनचिठ्ठीचे झाले.

सिगारेटचा झुरका दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतो, पॅचला काही तास लागतात. म्हणून तो दिवसभराची चिडचिड आणि बेचैनी शमवतो. पण टपरीसमोर चहाचा ग्लास हातात आला की उठणारी तलफ त्याला आवरत नाही. अशा वेळेसाठी जोडीला चुइंगम देतात, आणि नुसत्या पॅचपेक्षा ही जोडी अधिक उपयोगी पडते. दिवसाला दहापेक्षा जास्त सिगारेटी असतील तर साधारणपणे २१ मिलिग्रॅमच्या पॅचने सुरुवात, मग १४, मग ७. सगळं मिळून आठ-दहा आठवडे. असे उपचार घेणाऱ्यांत सिगारेट सुटण्याची शक्यता जवळपास दीडपट होते. जादू नव्हे, पण थोडंथोडकंही नव्हे. पॅच रोज नव्या जागी लावायचा, कातडी कोरडी हवी. मे महिन्यात ठाण्याहून दादरला लोकलने उभ्याने जाणाऱ्याला हे सांगणं म्हणजे थट्टाच!

भारतात २००२ साली तंबाखूमुक्ती केंद्रं सुरू झाली, त्यांत मुंबईचं टाटा रुग्णालयही होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली, तर भारताने २०२२ साली निकोटिनचे हे उपचार अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. सिगारेट-तंबाखूच्या पाकिटावर १८००-११-२३५६ हा मदतीचा नंबरही छापलेला असतो.

तरीही स्वीडनमधला तो तर्क इथे येऊन अडखळतो. २०१६-१७च्या पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले, आणि बिनधुराचा तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. आपल्याकडे धूर आणि निकोटिन यांची फारकत केव्हाच झालेली आहे, ती चुन्याच्या डबीने केली. फक्त मारणारा तिथेही सुटला नाही. तो पुडीतून तोंडात जाऊन बसला. खारघरच्या टाटांच्या केंद्रात तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण येतात, ते त्याचेच. तंबाखू खाणाऱ्यांना पॅच सिगारेटवाल्यांइतका लागू पडतो, असंही अभ्यासांत दिसलेलं नाही.

पॅचचं प्रमाण ठरवताना पहिला प्रश्न असतो, दिवसाला किती सिगारेटी? कारखान्यातून सुटलेला माणूस उत्तर देतो, "एकही नाही, दोन पुड्या." कोष्टकात पुडीचा रकाना नाही.